एक्यू म्हणजे मोहर नव्हे!

प्रश्न असा आलाय: "चौदाव्या लुईच्या काळातली एक फ्रेंच गोष्ट मराठीत आणतोय. पानोपानी 'एक्यू' येतो. त्याला 'सोन्याची मोहर' म्हटलं तर चालेल का? आणि मूळ अर्थ काय?"

नाही चालणार. हे "सोन्याची मोहर" प्रकरण मी इतक्या अनुवादांत वाचलंय की आता डोक्यात जातं. फ्रेंच सरदाराने खिसा उलटा केला की पडल्याच मोहरा! अहो, त्या काळात खिशातून पडणारा एक्यू चांदीचा होता, तळहातावर जड लागणारं पांढरं नाणं.

मूळ अर्थ ढाल, लॅटिन 'स्कूटुम'वरून. तेराव्या शतकात संत लुई राजाने पाडलेल्या सोन्याच्या नाण्यावर ढाल होती म्हणून ते नाव. इथपर्यंत सगळे कोश सांगतात आणि इथेच थांबतात, म्हणून तर लोक सोनं सोनं करत बसतात. खरी मजा पुढे आहे, सोन्याच्या नाण्याचं नाव चांदीला चिकटलं कसं?

त्यासाठी 1577 सालात जायला लागतं. फ्रान्समध्ये धर्मयुद्धं पेटलेली, महागाई वाढलेली, लिव्र या हिशोबाच्या एककाची किंमत घसरत चाललेली. (लिव्र हे तेव्हा हातात घ्यायचं नाणं नव्हतंच, फक्त वहीत लिहायचं माप. सू हे त्याहून लहान एकक, 20 सूंचा एक लिव्र.) मग तिसऱ्या हेन्रीने फर्मान काढलं की यापुढे मोठे हिशोब लिव्रमध्ये नाही, सोन्याच्या एक्यूमध्ये ठेवायचे आणि एक एक्यू म्हणजे 60 सू, म्हणजे 3 लिव्र. 1602 मध्ये चौथ्या हेन्रीने ते रद्द केलं, सोन्याचा एक्यू 60 च्या कितीतरी वर निघून गेला, पण पंचवीस वर्षं वहीत लिहून लिहून "एक्यू म्हणजे साठ सू" हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच.

पुढे फ्रान्स 1635 मध्ये तीस वर्षांच्या युद्धात उघड उतरला, स्पेनशी लढाई जुंपली, सैन्याचा खर्च अफाट आणि बाजारात कडा कातरलेली हलकी नाणी आणि गंमत म्हणजे ज्या स्पेनशी युद्ध त्याच स्पेनची चांदी. तेव्हा तेराव्या लुईच्या सरकारने 1640 ला सोन्याचा लुई आणि 1641 ला चांदीचा लुई काढला, ठसे कोरणाऱ्या झाँ व्हारँच्या ठशांनी, हातोड्याने नाही तर यंत्राने पाडलेला, म्हणजे कडा कातरली की लगेच कळणार. वजन सुमारे 27 ग्रॅम, जवळजवळ स्पॅनिश आठ रिआलच्या नाण्याइतकंच. सरकारी नाव 'चांदीचा लुई'. किंमत? 60 सू. आता साठ सूंच्या नाण्याला लोक काय म्हणणार? एक्यू! पांढरा एक्यू. ढाल गेली, सोनं गेलं, आकडा राहिला. आपल्याकडे 1957 ला आणे गेले तरी पन्नास पैशांना आपण आठ आणेच म्हणत राहिलो, अगदी तसंच. मला या शब्दाचं हेच सगळ्यात आवडतं, की तो धातूचा नाही, चित्राचाही नाही, तो मोजणीचा शब्द आहे.

याच काळाबद्दल अजून एक बाष्कळ व्युत्पत्ती फिरत असते की इंग्रजी 'बुलियन' हा शब्द तेव्हाचा फ्रेंच अर्थमंत्री क्लोद द ब्युलियों याच्या आडनावावरून आला. साफ चूक. हा गृहस्थ 1640 च्या डिसेंबरात वारला आणि बुलियन शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजीत आहे, फ्रेंचमधल्या 'उकळणे' या क्रियापदाशी नातं, म्हणजे वितळवलेला धातू. नाव जुळलं की लावली व्युत्पत्ती, असं करू नका.

आणि 'रुपया म्हणजे चांदी, तेव्हा एक्यूला रुपया म्हणा' असं सुचवणाऱ्यांनाही माझा विरोध आहे. आपल्यात सोनंरुपं म्हणतात, रुपं म्हणजे चांदी, बरोबर. पण पाणिनीचं सूत्र बघा, 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्'. आहत म्हणजे ठोकलेलं. ज्यावर रूप ठोकलंय ते रूप्य. काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, उदाहरण आहे 'रूप्यो दीनारः' आणि दीनार तर सोन्याचा! म्हणजे माझ्या मते आधी ठसा, चांदी मागून आली. फ्रेंचमध्ये प्रवास उलटा, 'आर्जां' म्हणजे आधी चांदी, मग कुठलाही पैसा.

पण ठशाची ताकद फ्रेंच राजांइतकी कुणी वापरली नसेल. चौदाव्या लुईने 1688 ला युद्ध सुरू केलं, पैसा पुरेना, तर 1689 ला व्हर्सायमधलं स्वतःचं चांदीचं फर्निचर वितळवायला टांकसाळीत पाठवलं, सुमारे 20 टन, टेबलं, झुंबरं, झाडांच्या कुंड्यासुद्धा, आणि त्या अप्रतिम कारागिरीचे हाती आले जेमतेम वीस लाख लिव्र. मला हे दर वेळी वाचताना वाईट वाटतं. त्याच वेळी दुसरी युक्ती केली, लोकांचे जुने एक्यू मागवायचे, न वितळवता त्यांच्यावरच नवा ठसा ठोकायचा आणि जास्त किमतीला परत चलनात आणायचे, मधला फरक राजाचा. 1693, 1701, 1704 ला परत तेच. नाण्यावर किंमत छापलेलीच नसायची, त्यामुळे राजा सांगेल ती. या ठोकाठोकीला त्यांचा शब्द होता 'रेफोर्मास्यों', म्हणजे पुन्हा रूप देणं. रूप! पाणिनीचा आहत आणि लुईची टांकसाळ एकच गोष्ट सांगतायत. घाईत ठोकलेल्या अशा एक्यूंवर नव्या चित्राखाली जुनं चित्र अजून दिसतं.

ढालीचा वंश आपल्या दारापर्यंत आलाय बरं का, इटालियन स्कूदो, पोर्तुगीज एस्कुदो, आणि हा एस्कुदो गोव्यात 1958 ते 1961 चलनात होता.

तर अनुवादात 'एक्यू'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे "चांदीचा एक्यू" म्हणा. हिशोब येत असेल तर गोष्टीचं साल आधी बघा. 1641 चा एक्यू तीन लिव्रचा, पण 1709 ला, तेही युद्धातच, नवा जड एक्यू आला तो पाच लिव्रचा, आणि 1726 नंतरचा सहाचा.