आर्टिस्ट आणि बंदूक?

प्रश्न : भाच्याला ड्रॉइंगचं वेड, आणि आता मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला बेळगावला जातो म्हणतोय. आर्टिस्ट कुणी सैनिक झालाय काय ओ?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : झालीय की! फेलिसिया ब्राउन, इंग्लंडची शिल्पकार, पक्की कम्युनिस्ट. जुलै १९३६ मध्ये बार्सिलोनात होती, तेवढ्यात स्पेनमध्ये लष्कराचं बंड झालं, आणि ही ऑगस्टमध्ये बंडाविरुद्ध लढणाऱ्या मिलिशियात, म्हणजे साध्या नागरिकांच्या फौजेत, नाव घालून मोकळी! २५ ऑगस्टला दारूगोळ्याची रेल्वे उडवायला गेलेल्या तुकडीत होती, जखमी इटालियन साथीदाराला मदत करताना गोळ्या लागून गेली, वय फक्त ३२. सोबतच्या मिलिशियावाल्यांची तिची स्केचेस नंतर विकून स्पेनसाठी मदत जमवली. पण ती विचारासाठी लढली हो, भाच्याची ही नोकरी, तेव्हा तुलना जपून करा. वही मात्र बॅगेत टाकू दे त्याला.