लुईस गोल्ड बाहुल्यांच्या खेळातली कलाकार की अभिनेत्री?

दोन्ही, आणि मी तर गायिकाही म्हणेन. 'द मपेट शो' हा टीव्ही कार्यक्रम अमेरिकन बाहुल्यांचा, पण त्याचं चित्रीकरण इंग्लंडमध्ये, एल्स्ट्रीच्या स्टुडिओत व्हायचं. 1977 च्या सुमारास गोल्ड त्या चमूत आली. त्यातल्या मिस पिगी या डुकरीण बाहुलीला वैताग आणणारी तरुण गायिका ॲनी स्यू ही बाहुली गोल्डचीच.

लोकांना वाटतं, बाहुली हलवायची, त्यात अभिनय कसला? मपेट्समध्ये उजवा हात डोक्यावर धरून बाहुलीचं तोंड हलवायचं, डाव्या हाताने तिच्या हाताची काडी सांभाळायची, नजर मॉनिटरवर, आणि आवाजही स्वतःचाच! खांदे भरून येतात ते वेगळंच.

1984 ला सुरू झालेल्या 'स्पिटिंग इमेज' या ब्रिटिश व्यंग्यात्मक टीव्ही कार्यक्रमात मात्र उलटा प्रकार. राजकारण्यांच्या त्या विद्रूप रबरी बाहुल्यांचे आवाज नकलाकारांचे, आधी ध्वनिमुद्रित केलेले. ओठ, मान, तोरा तेवढा गोल्डसारख्या कलाकारांचा. मला हे जास्त अवघड वाटतं.

मधल्या काळात तिने 'द डार्क क्रिस्टल' (1982) या बाहुल्यांच्या चित्रपटातही काम केलं. लंडनच्या वेस्ट एंडच्या संगीत नाटकांत तर ती बाहुलीशिवाय, स्वतःच्या चेहऱ्याने उभी राहिली.

सुरुवात करायची तर 'मपेट शो'चे ॲनी स्यू असलेले भाग बघा.