रोजच्या बारीकसारीक कटकटींतून खरंच काही कामाचं सुचतं का?

तुम्ही विचारलंय की छोट्या छोट्या त्रासातून चांगल्या आयडिया सुचतात असं सगळे सांगतात, पण खरंच कुणाला सुचतं का की नंतर रचलेल्या गोष्टी असतात. मी काही शोधबिध लावलेला नाही हे आधीच सांगतो, तालुक्याच्या गावात झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे माझं, बारा वर्षं झाली, त्यामुळे कटकट या विषयावर बोलायचा मला पूर्ण हक्क आहे.

आयडिया शोधायला बसलो तेव्हा मला एकपण सुचली नाही. सुचली ती घसा बसला तेव्हा. जूनचा महिना, ॲडमिशनची गर्दी, आणि डॉक्टर म्हणाले चार दिवस बोलायचं नाही. आता दुकानात न बोलता कसं चालणार? पण गप्प बसल्यावर कळलं की मी दिवसभर तीन-चारच वाक्यं बोलत असतो. "हा एका वर्षाचा दाखला झाला, नॉन क्रिमीलेअरला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं." "हे बोनाफाईड आहे, शाळा सोडल्याचा दाखला वेगळा." हीच कॅसेट, सकाळी नऊपासून. भिंतीवर कागदांची यादी होती की लावलेली, छान टाईप करून, लॅमिनेट करून, पण ती कोण वाचतंय. मग वैतागून एक केलं, प्रत्येक कागदाची एक एक नमुना झेरॉक्स काढली, नाव-नंबर काळ्या पेनाने खोडले आणि पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवून टाकल्या. लोक आले की मी बोट दाखवायचो, ते आपली पिशवी उपसून जुळवून बघायचे, "हा आहे, हा आहे, हा नाय." ज्यांना वाचता येत नाही त्यांनापण शिक्का आणि कागदाचा रंगरूप बघून कळायचं. घसा पाचव्या दिवशी सुटला पण पुठ्ठा अजून आहे, आणि त्याचा फोटो काढून लोक गावातल्या ग्रुपवर टाकतात.

तेव्हापासून माझा एकच हिशोब आहे, आपण दिवसातून दहा वेळा जे वाक्य बोलतो तिथे काहीतरी अडलेलं असतं. "चष्मा घरी राहिला" हे असंच दुसरं वाक्य, फक्त ते गिऱ्हाईक बोलतं. शंभर रुपयांचा रेडीमेड चष्मा आणला आणि पेनासारखा सुतळीने काउंटरला बांधला. आता शेजारच्या बँकेची स्लिप भरायलापण म्हातारी माणसं माझ्याकडेच येतात, आणि आलीच आहेत तर दोन झेरॉक्स काढून जातात.

आमच्याच लायनीतल्या एका बाईची गोष्ट सांगतो, ही रचलेली नाही. बेट्टी नेस्मिथ ग्रॅहम, अमेरिकेत डॅलसच्या एका बँकेत सेक्रेटरी, नवऱ्यापासून वेगळी, पदरात एक मुलगा. 1950 नंतरचा काळ, इलेक्ट्रिक टाईपरायटर नवीन आलेले, त्यांची रिबन अशी की चूक रबराने खोडायला गेलं की सगळा कागद काळा, एका अक्षरासाठी अख्खं पान परत. ज्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मशीन बडवलंय त्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. बाईंचं टायपिंग काही खास नव्हतं म्हणतात, आणि मला वाटतं म्हणूनच सुचलं, पट्टीच्या टायपिस्टला काय गरज. तर सणासाठी बँकेच्या काचा रंगवणारे पेंटर तिने बघितले, ते चूक खोडत नव्हते, वरून रंग मारून मोकळे होत होते. तिने पांढरा पाण्याचा रंग बाटलीत भरला, बारीक ब्रश घेतला आणि साहेबाला न सांगता वापरायला लागली. 1956 मध्ये घरूनच बाटल्या विकायला लागली, मुलगा आणि त्याचे मित्र बाटल्या भरून द्यायचे. 1979 मध्ये जिलेट कंपनीने तो धंदा पावणेपाच कोटी डॉलरला घेतला. लिक्विड पेपर त्याचं नाव, तुमच्या आमच्या भाषेत व्हाइटनर. मधली वीस-बावीस वर्षं लोक एका वाक्यात उडवतात, ते सोडा. (आमच्याकडे व्हाइटनर लावलेला फॉर्म तहसीलमधून परत येतो तो भाग वेगळा.)

पण सगळं जमतंच असं नाही. मी एकदा टोकन काढले होते, लॅमिनेट केलेले चाळीस नंबर. तीन दिवसांत सव्वीस उरले. कुणी खिशात घरी नेला, कुणी आपला नंबर पाहुण्याला दिला, एक तर पोराने चावला. नंतर लक्षात आलं की रांगेचा त्रास फक्त मला होता, लोक बाहेर लिंबाखाली मस्त गप्पा मारत बसायचे, त्यांना काही घाई नव्हती. आपली कटकट गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली की असं होतं.

सध्या माझं वाक्य आहे, "आजी, बोट पुसून परत ठेवा." आधारला अंगठा लावायचा असतो आणि शेतात आयुष्य काढलेल्या बायकांच्या बोटांच्या रेषाच घासून गेलेल्या असतात, मशीन काय घेत नाही, आणि त्या बिचाऱ्या आपलंच चुकलं असं तोंड करतात. दिवसाला वीस वेळा तरी बोलतो मी हे. अजून ओल्या फडक्याच्या पुढे गाडी गेलेली नाही. तुम्हाला काही सुचलं तर खाली लिहा, उद्या सकाळी करून बघतो.