पोलोनियम, पोलंड आणि पोलकं

प्रश्न असा: पोलोनियम हे मूलद्रव्य आणि पोलाद यांच्या नावांचं मूळ एकच का? आणि पोलोनियमला ‘किरणोत्सर्गी’ म्हणावं की ‘किरणोत्सारी’?

पोलाद फारसीतून आलं, विषय संपला. दुसऱ्या प्रश्नाबाबत, दोन्ही रूपं चालतात; मी ‘किरणोत्सर्गी’ लिहितो. फक्त मोबाइल टॉवरच्या लहरींना ‘किरणोत्सर्ग’ म्हणणं थांबवा हो! ते नुसतं प्रारण, म्हणजे रेडिएशन. अणूचं केंद्रक आपणहून कण किंवा किरण बाहेर फेकतं, तो किरणोत्सर्ग. पोलोनियम-210 अल्फा कण फेकतं. ते साध्या कागदानेही अडतात, पण पदार्थ पोटात गेला तर काही मायक्रोग्रॅमही जिवावर बेततात. 2006 साली लंडनमध्ये माजी रशियन गुप्तहेर लित्विनेन्को यांना चहातून दिलं गेलं ते हेच. एरवी त्याचे उपयोग फोटोच्या निगेटिव्हवरची धूळ झटकणाऱ्या ब्रशात, किंवा सोव्हिएत लुनोखोद गाडीला चंद्रावरच्या रात्री ऊब द्यायला.

खरी गंमत नावात आहे. जुलै 1898 मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी एका निबंधात हे नाव सुचवलं तेव्हा पोलंड नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. वॉर्सात जन्मलेल्या मारीबाईंनी लॅटिन ‘पोलोनिया’, म्हणजे पोलंड, थेट मूलद्रव्यांच्या यादीत नेऊन बसवला. ‘रेडिओ-अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्दही त्याच निबंधाच्या शीर्षकात पहिल्यांदा छापला गेला.

आता माझा लाडका तर्क. पोलिश आणि चेक भाषांत ‘पोल्का’ म्हणजे पोलिश बाई. त्याच नावाच्या नाचाने 1840 च्या दशकात युरोपला वेड लावलं, आणि त्या लाटेत इंग्रजीत बायकांच्या अंगाबरोबर बसणाऱ्या जाकिटालाही ‘पोल्का’ म्हणू लागले. आपल्या परकर-पोलक्यातलं पोलकं तिथूनच आलं, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे पोलकं आणि पोलोनियम चुलतभावंडं! पोलक्याचा संबंध ‘पोल’ म्हणजे पोकळीशी जोडू पाहणाऱ्याने आधी एखादं पोलकं नीट पाहावं. अंगाला इतकं घट्ट बसणाऱ्या कपड्यात पोकळी कुठे सापडते? नाचाचं नाव चेक ‘पूल्का’वरून, म्हणजे अर्ध्या पावलावरून आलं, असंही काही कोशकार सांगतात. ताल बघून केलेली ही व्युत्पत्ती मला पटत नाही. देशाचं वा तिथल्या माणसांचं नाव नाचाला देण्याची रीत युरोपात जुनीच आहे. ‘पोलोनेझ’ नावाचा पोलिश नाच नाही का?