नदी सगळ्यांची, मग तिचा रिपोर्ट कुणाचा?

वाचकांचे प्रश्न : पाणी विशेष

मागच्या अंकात नद्यांवर लिहिलं त्यानंतर कृष्णाकाठावरनं बरीच पत्रं आली. त्यातले चार प्रश्न घेतलेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण बाकीच्यांचं मूळ तिथंच आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात पाणी कमी झालं की आमच्याकडं नदीत मासे मरून वर येतात. दोन दिवस बोंबाबोंब होते, कुणी म्हणतं साखर कारखान्यानं मळी सोडली, कुणी म्हणतं गावाचं सांडपाणी, ज्याच्याकडं बोट दाखवावं तो म्हणतो आमचं नाहीच, वरनं आलंय. आणि रिपोर्ट येईपर्यंत पाऊस पडतो. आपल्याला एका जिल्ह्यात हे ठरवता येत नाही, मग युरोपात एकाच नदीवर दहा-दहा देश आहेत तिथं कसं ठरवतात? (पलूस तालुक्यातले एक शेतकरी)

उत्तर : दादा, "रिपोर्ट येईपर्यंत पाऊस पडतो" हे तुम्ही लिहिलंय ना, खरं दुखणं तेच आहे बघा. तिकडच्या लोकांनी आधी हेच मिटवलं. भांडण लागायच्या आधीपासून नदीचे आकडे गोळा होत राहिले पाहिजेत, ते सगळ्यांसमोर पाहिजेत आणि सगळ्यांना मान्य पाहिजेत, मग ते कुणाच्या का विरोधात जाईनात.

डॅन्यूब नदी घ्या. जर्मनीत उगम, काळ्या समुद्रात शेवट, साधारण २,८५० किलोमीटर लांब आणि मध्ये १० देश. जगात एवढ्या देशांतनं जाणारी दुसरी नदी नाही. १९९४ साली या खोऱ्यातल्या देशांनी सोफिया शहरात करार केला, १९९८ ला तो लागू झाला आणि नदीसाठी एक कायमचा आयोग बसला, त्याचं ऑफिस व्हिएन्नात आहे. या आयोगानं २००१ पासून एक फार मोलाचं काम धरलंय, दर ६ वर्षांनी सगळ्या नदीची एकत्र तपासणी. २००१, २००७ आणि २०१३ ला तर वेगवेगळ्या देशांचे शास्त्रज्ञ बोटीत बसून वरनं खालपर्यंत सॅम्पल घेत गेले, म्हणजे हद्द बदलली तरी सॅम्पल घेणारे हात तेच, बाटली तीच, पद्धत तीच. मग खालचा देश म्हणू शकत नाही की वरच्यानं आकडे दाबले, आणि वरचाही म्हणू शकत नाही की खालचा आमच्यावर ढकलतोय. २०१९ ला पद्धत थोडी बदलली, प्रत्येक देशाच्या टीमनं आपापल्या भागात सॅम्पल घेतली, पण आधी सगळ्यांना एकच ट्रेनिंग देऊन. त्या वेळी जीवांच्या अंगातनं पाण्यात सुटलेल्या डीएनएवरनं कुठले मासे, कुठले किडे तिथं राहतात हेसुद्धा शोधलं, जाळं न टाकता.

आता नदी आजारी आहे हे ठरवायचं कशावरनं, तर नुसत्या केमिकलवरनं नाही. युरोपियन युनियननं २००० साली पाण्याचा जो कायदा केला त्यात नदीच्या तब्येतीचे पाच वर्ग आहेत, अतिउत्तम, चांगली, मध्यम, खराब आणि अतिखराब. त्यासाठी मासे बघतात, तळातले किडे बघतात, शेवाळ आणि पाणवनस्पती बघतात, शिवाय केमिकल आहेच. आणि नियम असा कडक आहे की यातला जो सगळ्यात वाईट निघेल त्यावर नदीचा वर्ग ठरतो. पोरगं चार विषयांत पहिलं आलं आणि एकात नापास झालं तर निकालावर नापासच येतं, तसंच. मला हा नियम पटतो, कारण सरासरी काढली की मेलेले मासे सरासरीत दिसत नाहीत.

पण हे शहाणपण त्यांना सुखासुखी आलेलं नाही. ऱ्हाईन नदीवर १९५० सालीच स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांचा आयोग झाला होता, तरी नदी घाणच होत गेली. फ्रान्समधल्या पोटॅशच्या खाणींचं मीठ नदीत जायचं आणि पार खाली नेदरलँड्समध्ये ते पाणी वापरणाऱ्या ग्रीनहाऊसवाल्यांची पिकं बिघडायची. आपल्याकडं क्षारपड होते ती जास्त पाणी दिल्यानं आणि निचरा नसल्यानं, कारण वेगळं आहे, पण पाण्यातनं मीठ येऊन शेताचं काय होतं हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या मिठाचा करार १९७६ ला झाला आणि लागू व्हायला १९८५ उजाडलं. मग १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बासेलजवळ एका केमिकल कंपनीच्या गोदामाला आग लागली, आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं आणि खाली शेकडो किलोमीटर नदी मेली, दीड लाखाच्या आसपास तर नुसते ईल मासे मेले. त्यानंतर मात्र हे देश खडबडून जागे झाले. १९८७ ला त्यांनी सगळ्यांना कळेल असं एक ध्येय ठरवलं, नदीतनं नाहीसा झालेला सामन मासा २००० सालापर्यंत परत आला पाहिजे. त्यासाठी सांडपाण्यावर प्लॅन्ट बसवले, बंधाऱ्यांना माशांसाठी वाटा केल्या, आणि सामन खरंच परत यायला लागला, अजून पहिल्यासारखा नाही पण आला. बासेलच्या खाली हद्दीवरच वाइल गावात स्विस आणि जर्मन मिळून एक तपासणी स्टेशन १९९३ पासून चालवतात. तिथं काही वावगं दिसलं की खालच्या गावांना, पाणीयोजनांना लगेच निरोप जातो.

हा निरोप फार महत्त्वाचा आहे. २००० च्या जानेवारीअखेर रुमानियात बाया मारे इथं सोन्याच्या खाणीचं गाळाचं धरण फुटलं आणि सुमारे १ लाख घनमीटर सायनाइडचं पाणी नदीनाल्यांतनं तिसा नदीत आणि तिथनं डॅन्यूबमध्ये गेलं. हंगेरीत हजार टनांवर मासे मेले. पण डॅन्यूबच्या देशांनी १९९७ लाच एकमेकांना धोक्याचा इशारा द्यायची व्यवस्था उभी केलेली होती, त्यामुळं विषाच्या आधी निरोप पोचला आणि खालच्या लोकांना पाणी उपसणं थांबवता आलं.

आता आपलं बघा. कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते, वाई, कराड, सांगली करत कर्नाटकात जाते, मग तेलंगणा, आंध्र आणि समुद्र, सगळी मिळून १,४०० किलोमीटर. तिच्या पाण्याचं वाटप झालंय, बच्छावत लवादानं २,०६० टीएमसीतले (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि तेव्हाच्या आंध्रला ८०० दिले, हे आकडे आपल्याकडं चहाच्या टपरीवरसुद्धा पाठ आहेत. महापुरात कोयनेचा विसर्ग किती, अलमट्टीची पातळी किती, हे तासातासाला मोबाईलवर फिरतं. पण आज सकाळी सांगलीत आयर्विन पुलाखाली पाण्यात ऑक्सिजन किती होता हे कुणालाच माहीत नसतं, आणि सांगलीचं सांडपाणी आणणारा शेरीनाला जिथं नदीला मिळतो त्याच्या वर किती आणि खाली किती हे तर विचारायची सोयच नाही. टीएमसी मोजणारी राज्यं नदीची तब्येतही एकत्र मोजू शकतात, त्यात न जमण्यासारखं काही नाही. तुमचे मासे मेले त्या दिवशी आदल्या आठवड्याचे वरचे-खालचे आकडे जर समोर असते तर ते कुठनं आलं हे एका दिवसात कळलं असतं.

प्रश्न : मी एमएस्सी करते. प्रोजेक्टमध्ये कृष्णेचा बीओडी आणि युरोपातल्या नद्यांचा बीओडी शेजारी ठेवला तर सर म्हणाले असं डायरेक्ट कम्पेअर करू नको. का? (मिरजेची विद्यार्थिनी)

उत्तर : सर बरोबर बोलले. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप. तिकडं बाटली २० डिग्रीला ५ दिवस ठेवतात, आपल्याकडं २७ डिग्रीला ३ दिवस. आपण गरम देशातले म्हणून हे बदललेलं आहे आणि दोन्हीचे आकडे साधारण जवळ येतात, पण जवळ येणं वेगळं आणि सारखे असणं वेगळं. म्हणून टेबलात पद्धत लिहायचीच. आंघोळीच्या पाण्याला आपली मर्यादा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि ऑक्सिजन किमान ५ अशी आहे, तीही शेजारी लिही म्हणजे वाचणाऱ्याला कळेल.

देशादेशांचं एकत्र काम म्हणजे निम्मं हेच असतं ताई. एकच सॅम्पल वेगवेगळ्या देशांच्या लॅबना पाठवतात आणि कुणाचं उत्तर किती चुकतंय ते बघतात. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण हे झाल्याशिवाय पुढच्या कुठल्याच चर्चेला अर्थ नाही. आपल्याकडं नद्यांच्या पाण्याची नियमित तपासणी १९७८ च्या सुमाराला सुरू झाली तीसुद्धा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पाणी तपासणी कार्यक्रमातनंच, म्हणजे आपण यात नवखे नाही.

प्रश्न : देशांचं आपसात पटत नसेल तर शास्त्रज्ञांना कोण एकत्र बसू देतं? (वाईहून एक वाचक)

उत्तर : बसू देतात, आणि पार वैर असताना बसलेत. बाल्टिक समुद्राचा करार १९७४ ला हेलसिंकीत झाला, शीतयुद्ध ऐन भरात होतं तेव्हा. सही करणाऱ्या ७ देशांत सोव्हिएत युनियन होता, दोन्ही जर्मनी होत्या, पोलंड होता, आणि समोर डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड. त्यानंतर कित्येक वर्षं त्या समुद्राची तब्येत त्यांनी मिळून तपासली. समुद्रात शेवाळ माजलं तर ते दोन्हीकडच्या किनाऱ्याला लागतं, हे त्यांना कळत होतं.

फक्त एक आहे, करार झाला म्हणून काम संपत नाही. अमेरिका आणि कॅनडानं १९७२ ला हद्दीवरच्या मोठ्या सरोवरांचा करार करून शेवाळ वाढवणारा फॉस्फरस कमी केला, त्यातलं ईरी सरोवर सुधारलं, सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. पुढं शेतातनं येणारं खत वाढलं, विषारी शेवाळ परत आलं आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहरात ४ लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. उसाला खताच्या गोण्या टाकणाऱ्या आपल्या भागानं हे जरूर लक्षात ठेवावं.

प्रश्न : शाळेतल्या पोरांना घेऊन प्रीतिसंगमावर पाणी तपासायचं आहे. मोठ्या लॅबसारखं काही करता येईल का? (कराडच्या एक शिक्षिका)

उत्तर : नक्की येईल बाई, आणि जगभर चालते तीच टेस्ट करता येईल. बुडापेस्टच्या विंक्लर नावाच्या केमिस्टनं १८८८ साली ऑक्सिजन मोजायची पद्धत काढली, ती आजही चालते. काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये, पाण्यातच बूच लावायचं. मग दोन औषधं टाकायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड, परत बूच लावून बाटली वरखाली करायची. तपकिरी साका खाली बसायला लागला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, आणि साका पांढराच राहिला तर नाही. पोरं हे बघताना गप्प होतात. आकडा काढायला पुढं ॲसिड घालून टायट्रेशन करावं लागतं. औषधं जहाल आहेत म्हणून हातमोजे घालून ती तुम्हीच टाका, पोरांना बाटली भरायला द्या, तीही काठावरनंच.

दुसरं म्हणजे उथळ वाहत्या पाण्यातले दगड उलटून बघा. दगडाच्या खालच्या अंगाला तीन शेपट्यांचे बारके चपटे किडे चिकटलेले असले तर पाणी बरं आहे. नुसत्या लाल अळ्या असल्या तर ऑक्सिजन कमी आहे. संगमाच्या वर कोयनेत एकदा आणि कृष्णेत एकदा, मग खाली एकदा, अशा तीन जागा ठरवा आणि दरवेळी त्याच ठेवा.

वेळ मात्र सांभाळा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं त्यामुळं दुपारी आकडा चांगला येतो, रात्रभर तो घटत जातो आणि उजाडताना सगळ्यात कमी असतो, मासे मेलेले सकाळीच दिसतात ते म्हणूनच. पोरांना पहाटे नेता येणार नाही हे समजू शकतो, शाळेआधी जमलं तरी पुरे. आकडे आमच्याकडं पाठवा, आम्ही ते छापू, पण प्रत्येक आकड्यापुढं तारीख, वाजले किती आणि पाण्याचं तापमान लिहिलेलं पाहिजे.