उल्कांच्या नोंदींना के-एस टेस्ट लावली, पी 0.62 आला. आता पुढे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 13 डिसेंबरला रात्री नऊ ते दोन शेतात बसून तुम्ही शंभरावर जेमिनिड (दर डिसेंबरातल्या उल्कावर्षावातल्या) उल्का टिपल्या. लागोपाठच्या दोन उल्कांमधल्या वेळेला एक्सपोनेन्शियल वितरण (छोटी अंतरं जास्त, मोठी कमी असा वक्र) बसवलं, के-एस म्हणजे कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह टेस्टमध्ये (नोंदी वक्राशी जुळतात का ते पाहणाऱ्या) पी 0.62 आला. तर उल्का एकसारख्या सरासरी दराने, पॉइसाँ पद्धतीने (एकमेकींशी संबंध न ठेवता) पडतात हे सिद्ध झालं का?

नाही झालं. पी म्हणजे मॉडेल खरं असतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. तो मोठा आला म्हणजे टेस्टला खोट सापडली नाही, एवढंच. आणि तुमच्या मांडणीत खोट सापडायची फारशी सोयच नव्हती.

करून पाहा: सगळ्या मधल्या वेळा पत्त्यांसारख्या पिसा आणि पुन्हा टेस्ट लावा. डी (नोंदींचा वक्र आणि मॉडेलचा वक्र यांतलं सर्वांत मोठं अंतर) तोच, पी तोच. कारण के-एस टेस्ट आकडे चढत्या क्रमाने लावते आणि मगच संचयी वक्राशी (इथवर किती टक्के नोंदी आल्या ते दाखवणाऱ्या) ताडून बघते. कोणती उल्का नऊला पडली आणि कोणती दीडला, हे तिच्यापर्यंत पोचतच नाही. तुम्हाला तर नेमकं तेच विचारायचं होतं.

दुसरी गोष्ट जास्त चोरटी आहे. एक्सपोनेन्शियलची सरासरी तुम्ही त्याच नोंदींतून काढली, म्हणजे वक्र आधीच डेटाच्या मापाने शिवला, मग बसतो का ते पाहिलं. के-एसच्या मर्यादांचा नेहमीचा तक्ता अशा वेळी चालत नाही. शंभर नोंदींना 5 टक्के पातळीवर तो डी 0.136 पर्यंत माफ करतो. सरासरी डेटातूनच घेतली असेल तर मर्यादा 0.11 च्याही खाली येते. संख्याशास्त्रज्ञ लिलिफोर्स यांनी 1969 मध्ये याच कामासाठी वेगळा तक्ता दिला. आज तक्ता शोधत बसायची गरज नाही. तुमच्या सरासरीने संगणकावर हजारेक खोट्या रात्री तयार करा, प्रत्येकीची सरासरी नव्याने काढा, डी काढा, आणि तुमच्या डीपेक्षा मोठा किती वेळा येतो ते मोजा. तो खरा पी. सायपायच्या (पायथनमधल्या गणिती संचाच्या) केएसटेस्टला हे आपोआप कळत नाही. ती तुम्ही द्याल तो वक्र खरा मानते.

आता आकाशाकडे या. जेमिनिडचा उद्गमबिंदू (जिथून या उल्का निघाल्यासारख्या दिसतात ती जागा) पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. आपल्या विदर्भातून तो रात्री नऊला जेमतेम 20 अंश वर असतो आणि दोन-सव्वादोनला 77 अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. दिसणाऱ्या उल्कांची संख्या ढोबळमानाने या उंचीच्या साइनच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह रात्रभर तसाच असला तरी निव्वळ भूमितीमुळे शेवटी पावणेतीन पट उल्का दिसायला हव्यात. दर एकसारखा नाही, हे मोजायच्या आधीच ठाऊक आहे.

म्हणून मधल्या वेळा सोडा, उल्का दिसल्याच्या वेळाच घ्या. नऊपासून दर मिनिटाला उंचीचा साइन काढा, बेरीज करत जा, एकूण बेरजेने भागा. शून्यापासून एकपर्यंत चढणारा हा वक्र तुमचं मॉडेल. त्याच्याशी उल्कांच्या वेळांची के-एस तुलना करा. एकूण किती उल्का दिसल्या ते मान्य करूनच चाललो, डेटातून दुसरं काहीच उचललं नाही, त्यामुळे इथे साधा तक्ता चालतो. मला तरी ही युक्ती फार आवडते. मात्र ज्यांची रेघ मागे नेली तर कॅस्टरकडे जात नाही, त्या उल्का आधी वगळा. त्या या साइनचं ऐकत नाहीत.

सेकंदापर्यंत वेळ टिपली हे बरं केलं. मिनिटावर टिपली असती तर एकाच आकड्याच्या नोंदींचे ढीग झाले असते, आणि के-एस सलग मापासाठी आहे.

राहिला तुमच्या शेताचा भाग. मी यवतमाळ जिल्ह्यातला, तुरीच्या धुऱ्यावर बसून हेच उद्योग करतो, म्हणून सांगतो. रात्रपाळीची लाइट आली की शेजारी हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन निघतो, “काय पाहून राह्यले जी वर?” म्हणत उजेड थेट तोंडावर मारतो. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. तेवढा वेळ मॉडेलच्या बेरजेतूनही कापायचा, डेटातूनही. वहीत मान घातली तेवढ्या सेकंदांत निसटलेल्या उल्का मात्र अशा कापता येत नाहीत. त्यामुळे अगदी छोट्या मधल्या वेळा कमी पडतात. हे टोक के-एसला नीट दिसत नाही, ती वक्राच्या मध्यावर तेज आहे. त्यासाठी टोकांकडे जास्त लक्ष देणारी अँडरसन-डार्लिंग टेस्ट लावा, पीसाठी वरचीच हजार रात्रींची रीत.

पंधरा-पंधरा मिनिटांचे गट पाडून काय-स्क्वेअर टेस्टही (गटांतल्या मोजलेल्या आणि अपेक्षित संख्या ताडणारी) चालेल, फक्त प्रत्येक गटात अपेक्षित संख्या पाचच्या खाली जाऊ देऊ नका. सुरुवातीच्या तासा-दोन तासांत ती जाण्याची शक्यता आहे, तिथे दोन-दोन गट जोडा.

नवा डी मोठा आला, तर तो कोणत्या वेळेला आला तेही लिहून ठेवा. त्या घटकेच्या आसपास ढग होता, धुकं होतं, की कुणी जेवायला उठलं होतं, ते सोबत्यांना विचारा आणि मगच प्रवाहाबद्दल काही म्हणा.