फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताना स्क्रीनमध्ये नेमकं काय बघावं?

तुमचं बजेट सत्तर हजारांच्या आसपास आहे, दुकानदार प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचंच सांगतोय, आणि चांगली स्क्रीन ओळखायची कशी, असं तुम्ही विचारलंय. मी लग्नाचे फोटो काढतो, अल्बमही स्वतःच करतो. माझं मत स्पष्ट आहे : आधी स्क्रीन ठरवा, प्रोसेसर नंतर.

माझा पहिला लॅपटॉप वेगाला झकास होता. पण त्यावर हळदीचा पिवळा फिका दिसायचा, हिरवा चुडा मळकट वाटायचा, म्हणून मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, वाढवत गेलो. अल्बम छापून आला तेव्हा नवरीचे गाल लालभडक, आणि अष्टपुत्रीच्या पिवळ्यात कापडाची एक चुणी दिसेना. सगळी पानं स्वखर्चानं पुन्हा छापून दिली. छापणाऱ्या लॅबची काहीच चूक नव्हती. माझी स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीची होती (स्क्रीन किती रंग दाखवू शकते, ते सांगणारं हे एक माप), आणि तो आकडा वाचायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

एसआरजीबी म्हणजे बहुतेक स्क्रीन आणि वेबसाइट धरून चालतात तो रंगांचा ठरलेला संच. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबी रंगांपैकी साधारण ६०-६५ टक्केच रंग ती स्क्रीन दाखवू शकते. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे जवळपास १०० टक्के एसआरजीबी. तुम्हाला हा दुसरा आकडा हवा. नुसतं 'आयपीएस' (स्क्रीनच्या पॅनेलचा एक प्रकार) लिहिलंय म्हणून भुलू नका. बाजूनं पाहिल्यावर आयपीएसचे रंग फारसे बदलत नाहीत हे खरं, पण ४५ टक्केवाले आयपीएस पॅनेलही भरपूर विकले जातात. शिवाय एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन प्रकारचे पॅनेल येतात. त्यामुळे खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पॅनेलचा तपशील वाचा. तिथे रंगांचा आकडाच दिला नसेल, तर मी तो लॅपटॉप सोडून देतो.

तुमच्या बजेटमध्ये ओएलईडी स्क्रीनही (जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) मिळते, उदाहरणार्थ आसूसच्या व्हिवोबुक मालिकेत. काळा रंग खरोखर काळा दिसतो, रंगही एसआरजीबीपेक्षा जास्त. पण सेटिंगमध्ये जाऊन ती एसआरजीबी मोडवर आणा, नाहीतर माझ्या उलट चूक होईल : स्क्रीनवर सगळं झगझगीत दिसेल आणि छापून फिकं येईल. काहींना ओएलईडीच्या लुकलुकण्यानं डोळेदुखी होते, म्हणून दुकानात ब्राइटनेस कमी करून दहा मिनिटं तरी बघा. जाताना पेन ड्राइव्हमध्ये स्वतःचे फोटो न्या, ज्यांचे छापील प्रिंट तुमच्याकडे आहेत असे. स्क्रीनशी ताडून बघायला ते प्रिंटही सोबत असू द्या.

अ‍ॅडोबी आरजीबी, म्हणजे एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगसंचासाठी, जास्त पैसे मोजू नका. बहुतेक लॅब एसआरजीबी जेपेगच मागतात. ब्राइटनेस ३०० निट्स (उजेडाचं एकक) पुरे, कारण छपाईसाठी एडिट करताना स्क्रीन १००-१२० निट्सवरच ठेवायची असते. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलं की आपण नकळत फोटो गडद करतो, आणि 'लॅबनं काळं छापलं' म्हणतो. स्क्रीन पिवळसर करणारा नाइट लाइट कायमचा बंद. रॅम १६ जीबी घ्या, ग्राफिक्स कार्ड वगळलं तरी चालेल.

जुना लॅपटॉप अजून धडपणे चालत असेल तर नवीन घेऊच नका. २४ इंची, १०० टक्के एसआरजीबीचा आयपीएस मॉनिटर पंधरा हजारांच्या आत-बाहेर मिळतो, घरी बसून काम करणाऱ्याला तो लॅपटॉपपेक्षा जास्त उपयोगी.

उरलेल्या पैशांतून कॅलिब्रेटर बघा. डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचा कुठलाही साधा चालतो. स्क्रीनवर ठेवायचा, पाच-दहा मिनिटांत रंग मोजून तो प्रोफाइल, म्हणजे त्या स्क्रीनचे रंग दुरुस्त करणारी फाइल, बनवून देतो. आम्ही चौघा फोटोग्राफरांनी मिळून एक घेतलाय. महिन्यातून एकदा तो प्रत्येकाच्या घरी जाऊन येतो.